तसबिरीतला हार

नगरपालिकेच्या सभागृहासाठी नगराध्यक्ष भाऊसाहेब गव्हाणे यांचं तैलचित्र तयार झालं. अनावरणाला सत्काराचा हार मिरवत आलेले भाऊसाहेब चित्र पाहताच भडकले.

"यात माझ्या गळ्यात हार कुठंय? आत्ताच्या आत्ता रंगवा, नाहीतर चित्र परत न्या."

एकदा सही केली की चित्राला पुन्हा कुंचला लावायचा नाही, हा चित्रकार इंदुमतीबाई कासारांचा बाणा. त्या ताठ मानेनं म्हणाल्या, "रंगवते की. पण भाऊसाहेब, हार दोघांच्याच नशिबी. तसबिरीत असला तर माणूस गेलेला, निवडणुकीत असली तर माणूस पडलेला. तुमची कुठली रंगवू?"

निवडणूक तोंडावर आली होती. सभागृहात खसखस पिकली.

"आहे तसंच लावा," भाऊसाहेब पुटपुटले आणि त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हारही हळूच उतरवून ठेवला.