पुतळीने पारखलेला दोर

तटाच्या भिंतीत उगवलेला पिंपळ तोडायला राणूला दोराने कड्याखाली सोडायचं होतं. सगुणाचं त्याच्याशी लग्न होऊन महिनाच झाला होता. गडाची रीत अशी, की ज्याने दोर पारखला त्यानेच आधी त्यावरून उतरायचं. यंदा मात्र पारख केली यंत्राचार्य सोमनाथपंतांच्या लाकडी पुतळीने. ती म्हणाली, "दोर भक्कम."

सगुणा किल्लेदारांपुढे झाली. "सरकार, रीत मोडू नये. आधी पुतळीला उतरवा."

पंत हसले. "खुशाल उतरवा. शहाणपणाला जीव लागत नाही, पोरी. तिला पडायची भीतीच नाही."

"म्हणूनच ती लगेच भक्कम म्हणाली, पंत. तिला अक्कल तुम्ही दिलीत, तर तिच्या जागी तुम्हीच उतरा."

"रास्त आहे," किल्लेदार म्हणाले. "पंतांना बांधा."

कमरेला गाठ बसली. कड्याच्या काठावर पायांखाली नुसतं धुकं होतं. पंतांची बोटं आपोआप दोरावर फिरू लागली, एकेक पीळ उलगडून पाहू लागली आणि एका जागी थबकली. आतला काथ्या काळा पडून कुजला होता.

"कमरेची गाठ सोडा," पंत कसेबसे म्हणाले.

सगुणा हळूच म्हणाली, "पुतळीला एवढी भीती बसवता आली तर बघा, पंत. मग माझा नवरा खुशाल उतरेल."