सुताराला पान मिळालं

त्या राज्यात चांगले शब्द फक्त मेलेल्यांसाठी लिहिले जात. जिवंतांच्या वाट्याला येई ते बोलणे, आणि तेही बहुधा चुकांबद्दल. कुणी गेले की पळसाच्या पानावर त्याचे गुण लिहायचे, ते सगळ्यांसमोर वाचायचे, त्याच्या छातीवर ठेवायचे आणि मग पोटभर रडायचे, असा रिवाज होता. त्यामुळे ‘त्याला पान मिळालं’ म्हणजे तो मेला, एवढाच अर्थ तिथे सगळ्यांना ठाऊक होता. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात. तिथे ते कायद्यानेच निघत असे.

ही पाने साळू लिहायची. साळू म्हणजे नदीकाठच्या उंबराच्या मुळांखाली राहणारी साळिंदर. पाठीवरचा एक काटा ती उपटायची, जांभळाच्या रसात बुडवायची आणि लिहायची. काटा उपटताना दुखे. पण दुखल्याशिवाय लिहू नये, असे तिचे मत होते. तिचे अक्षर देखणे होतेच, पण खरी देखणी होती तिची नजर. कोण कुणासाठी काय करतो, हे तिच्या डोळ्यांतून सुटत नसे.

एकदा पाणमांजर वारले. साळूने पानात लिहिले की पाण्यात कुठे खोल आहे हे ते दरवर्षी पिलांना पोहून दाखवायचे, आणि म्हणून या काठाची पिले बुडत नाहीत. वाचन संपले तेव्हा सगळ्यांचे डोळे भरले होते. पाणमांजराची बायको मात्र रडली नाही. तिने विचारले, “साळूबाई, हे तुम्हाला सगळ्यांना कधीपासून ठाऊक होतं?”

“पहिल्यापासून,” साळू म्हणाली.

“त्यांना कुणी सांगितलं होतं?”

कुणी सांगितले नव्हते. साळू घरी आली, पण तो प्रश्न तिच्यामागोमाग बिळात शिरला आणि मुक्कामालाच राहिला.

त्याच सुमारास उंबरावरच्या सुताराने ठोकणे बंद केले. हा सुतारपक्षी जन्मभर त्या झाडातल्या अळ्या काढत आला होता, आणि जन्मभर शिव्या खात आला होता. डोके उठवतो, झाड पोखरतो, निजू देत नाही. अर्धे राज्य त्या उंबरावर राही, आणि त्याला नावे ठेवायला सगळे एकत्र येत. आता तो ढोलीत पडून असे. सुतारीण दाणा-किडा आणी. तो तोंड फिरवी. “माझ्या ठोकण्यानं कुणाचं भलं झालंय?” एवढेच म्हणे. झाडाच्या सालीखाली अळ्यांची कुरकुर वाढत चालली होती, आणि ती सगळ्यांत आधी मुळांपाशी ऐकू येत होती.

साळूला एका गोष्टीची फार लाज वाटली. सुताराच्या पानावर काय लिहायचे, ते तिच्या मनात तयार होते. वाक्येसुद्धा ठरलेली होती. त्याने मरायचीच काय ती खोटी होती.

तिने काटा उपटला. पहाटे, पायांचा आवाज न करता, ती कशीबशी खोडावर चढली आणि पान ढोलीच्या तोंडाशी ठेवून आली.

उजाडताच सुतारिणीने हंबरडा फोडला. “यांना पान मिळालं!” बघता बघता सारे राज्य उंबराखाली जमले. सुताराने पान पाहिले आणि निमूटपणे पंख मिटून आडवा झाला. रिवाज कधी चुकत नाही, असे तो लहानपणापासून ऐकत आला होता. आपण गेलो असू आणि आपल्यालाच उशिरा कळले असेल, असे त्याला वाटले. लोकांनी त्याला अलगद खाली आणून निजवले.

रिवाज सांभाळायचे काम घोरपडीकडे होते. तिने एकदा धरलेले सहसा सुटत नसे. “वाचा,” ती साळूला म्हणाली.

साळूने वाचले. “सुतारदादा, मी रात्रभर हिंडते आणि पहाटे बिळात येते. तुमची पहिली टकटक ऐकली की मला कळतं, आपलं झाड उभं आहे. मग मी निजते. झाड तुम्ही पोखरत नाही. पोखरणाऱ्याला तुम्ही बाहेर काढता.”

सुताराने एक डोळा उघडला. “हे कुणाबद्दल आहे?”

“तुमच्याबद्दल.”

“म्हणजे मी गेलो.”

“नाही दादा. आहात, म्हणूनच लिहिलं.”

जमलेल्यांत कुजबुज झाली. घोरपड पुढे आली. “जिवंतपणी कौतुक केलं की जीव शेफारतो. हे पान खोटं आहे असं म्हण आणि फाड. नाहीतर यापुढे तू पानं लिहायची नाहीस.”

साळूला दुसरे काही येत नव्हते. तरी ती म्हणाली, “यातलं एक अक्षर खोटं असेल, तर कुणीही सांगा. मी आत्ता फाडते.”

मग एक खार हळूच म्हणाली, “माझीही पोरं त्या टकटकीवरच उठतात.”

सुतार उठून बसला. “साळूबाई,” तो म्हणाला, “ते निजण्याचं परत एकदा वाचता का?” तिने परत वाचले. तो उडून खोडावर गेला आणि ठोकू लागला. “झालं सुरू,” असे कुणीसे सवयीने म्हणाले आणि जीभ चावली.

साळूची लिहिण्याची मनाई काही टिकली नाही, कारण मनाई कुणी कुणाला करायची हेच कळेना. एकेक जण लाजत लाजत तिच्याकडे काटा मागायला येऊ लागला. वेडीवाकडी अक्षरे, पुसलेल्या ओळी, रसाचे डाग. साळूच्या पाठीवर टक्कल पडे आणि नवे काटे फुटत. एका सकाळी घोरपडीच्या दाराशीही पान आले. पुरात तिच्या शेपटाला धरून वाचलेल्या कुणीतरी ते लिहिले होते. ती दिवसभर बाहेर आली नाही. संध्याकाळी येऊन तिने साळूला हळूच विचारले, “हे ‘चिकाटी’ म्हणजे चांगल्या अर्थानंच ना?”

पुष्कळ वर्षांनी, ठोकून ठोकून म्हातारा झालेला सुतार एका दुपारी खरोखरच गेला. सगळे उंबराखाली जमले. साळूने कोवळे, रुंद पान निवडले आणि काट्यासाठी हात पाठीकडे नेला.

“काय लिहू?” तिने विचारले.

“पोरं उठवायचा, ते,” खार म्हणाली, आणि लगेच थांबली. “ते मी त्याला लिहिलं होतं.”

“अळ्यांचं मी लिहिलं होतं.” “मीही.” “मी तर दोनदा.”

“सगळं पाठ होतं त्यांना,” सुतारीण म्हणाली. “ठोकताना म्हणायचे.”

साळूने हात पाठीवरून काढला आणि ते पान तसेच सुताराच्या छातीवर ठेवले. घोरपड पुढे झाली, तिने पान उलटून पाहिले. मागची बाजूही कोरी होती. तिने ते जपून पुन्हा सरळ केले, आणि रिवाज पाळला गेला, अशी मान हलवली.