मातीचे उष्टावण

जेवण अळणी लागले ना? मीठ भरपूर आहे, आंबट नाही. सबंध कोकणात माशाच्या कालवणात आमसूल पडते, आमच्या या बेटावर पडत नाही. चिंच नाही, कैरी नाही, लिंबू नाही. पाहुणे नाक मुरडतात, मग माझ्यासारखा कोणीतरी त्यांना हात धरून इथवर आणतो आणि हा कुणगा दाखवतो. कुणगा म्हणजे भाताचा लहान तुकडा. चपला आधी हातात घ्या. ही माती घेतलेली वस्तू परत देत नाही. माझ्या मेहुण्याचा डावा बूट तिने ठेवून घेतला आहे, आणि तो बिचारा अजून उजवा जपून ठेवतो.

नीट बघा. पांढुरकी चिकणमाती, मध्ये पिवळट झाक, आणि तिच्यावर हे लाल लाल चट्टे. ओली असली की साबणासारखी निसरडी. वाळली की विटेसारखी टणक, आणि भेग अशी की हात कोपरापर्यंत जावा. चिमूटभर जिभेवर ठेवा. ठेवा हो, विष नाही! आंबट लागली? दुधाचा तांब्या इथे टेकवलात तर जाताना दही घेऊन जाल. शेतकी खात्याचे साहेब आले होते, त्यांनी कागदाची पट्टी बुडवली तर ती लाजून लाल झाली. साहेबांनी मान हलवली आणि अननस लावा म्हणून सांगून गेले. अननस येतात. काजू येतो. भात तेवढा येत नाही.

पण ही माती पहिल्यापासून अशी नव्हती, असे सांगतात.

फार पूर्वी इथे नुसते रान होते. खाडीपलीकडून काही घरे होड्यांतून आली, त्यांनी रान तोडले, जाळले आणि त्या राखेत भात पेरला. पहिल्या वर्षी पीक असे आले की बांधावर उभा असलेला माणूस दिसेना. म्हशी आत शिरल्या त्या दिवाळीला सापडल्या, असेही म्हणतात. पण म्हशींचे मी मनावर घेत नाही. लोकांना वाटले, जमीन सोन्याची आहे. ती राखेची करामत होती हे कोणाला ठाऊक?

त्या लोकांत शेवंती नावाची सून होती. तिची दोन मुले पलीकडच्या गावात असतानाच दगावली होती, दोन्ही उष्टावणानंतर थोड्याच दिवसांत. उष्टावण म्हणजे बाळाचा पहिला भाताचा घास. आता तिला पुन्हा दिवस राहिले होते. तो डोलणारा भात पाहून ती बेटाच्या राखणदाराच्या दगडापुढे गेली आणि नवस बोलली, "हे लेकरू जगव. याच्या तोंडात पहिला दाणा तुझ्या मातीचा पडेल. तोवर दुसऱ्या कुठल्या दाण्याला त्याची जीभ लागणार नाही."

नवस अवघड नव्हता हो. बाळ वैशाखात होणार, सहावा महिना लागेल तेव्हा भात कापणीला आलेला असणार. देवालाही सोपे, माणसालाही सोपे.

मुलगी झाली. नाव ठेवले चिमी. त्याच पावसात सगळी राख धुऊन खाडीत गेली आणि खालची माती उघडी पडली. भात वीतभर वाढला आणि पिवळा पडू लागला. मातीवर लाल चट्टे उठले.

शेवंतीची सासू आवडाबाय. औषधपाण्यात तिचा हात धरणारा नव्हता. खाडीच्या दोन्ही तीरांची पोटे आणि पाठी तिच्या हाताखालून गेलेल्या. ती वाकली, चट्टे पाहिले, त्यांवर तळवा ठेवला आणि म्हणाली, "हिच्या अंगावर पित्त उठलंय गो. रान जाळलंत, तिला चटके बसले. पित्त उठणार नाही तर काय?"

अंगावर पित्त उठले की काय लावतात हे तुम्हाला मी सांगायला नको. आमसुलाचे पाणी. घराघरातली मडकी रिकामी झाली. वर्षभराची आमसुले, बाटले भरून ठेवलेला कोकमाचा खारा रस, म्हणजे आगळ, सगळे कालवून लोकांनी कुणग्यांत ओतले, हातांनी चोळले, लहान मुलाला चोळावे तसे. मागून कोणीतरी म्हणाला, "आवडाबाय, हिला खाज कुठं सुटते ते विचार की!" आणि सगळे हसले. बेटावर लोक मनापासून हसल्याची ती शेवटची वेळ, असे म्हणतात.

चट्टे ओल्यात दबले. लोकांनी गोडाचे केले. चार दिवसांनी चट्टे पुन्हा उठले, पहिल्यापेक्षा लाल. भाताची मुळे उपटून पाहिली तर आखूड, काळी, आत शिरायची ती मागे वळलेली. आवडाबायने माती जिभेवर ठेवली आणि तिथेच खाली बसली. आंबट. इथून तिथवर सगळे बेट आंबट.

सहावा महिना लागला. चिमी जेवणाऱ्याच्या हाताकडे बघायची आणि तोंड उघडायची. शेवंतीचे दूध आटत चालले होते. पलीकडून होडी यायची, होडीत तांदूळ असायचे, घरातले सगळे तेच खायचे. फक्त चिमीला द्यायचे नव्हते.

आवडाबायने पेजेची वाटी आणून सुनेपुढे ठेवली. "पाज तिला. पाप माझ्या डोक्यावर घेते मी. म्हातारीचं डोकं, कितीसे दिवस राहायचंय?"

शेवंतीने वाटीकडे पाहिलेही नाही. "पहिली दोन पेज पिऊनच गेली ना, आई?"

आवडाबायने वाटी उचलली.

मग ठरले की राखणदाराला कौल लावायचा. दगडावर दोन्ही बाजूंना ओल्या पाकळ्या चिकटवायच्या. उजवी पडली तर नवसातून मोकळीक, डावी पडली तर नाही. गुरवाने पाकळ्या लावल्या, गाऱ्हाणे घातले, सगळे बघत बसले. पण पाकळ्या भिजवायला पाणी आणले होते ते याच कुणग्यातले, गढूळ. पाणी सुकले आणि पाकळ्या दगडाला अशा बसल्या की ना उजवी पडली ना डावी. दुसऱ्या दिवशीही नाही. गुरव म्हणाला, "देव बोलत नाही." देव काय बोलणार? या मातीने त्याचेही तोंड लिंपले होते. पुन्हा लावायचा तर तो कौल मोडल्याचा दोष. आहे तसे राहिले.

आवडाबाय पान खायची. एकदा ती कुणग्याच्या कडेला बसली असता तिच्या डबीतला चुना सांडला. काही दिवसांनी तिने पाहिले, सांडला होता तिथला भाताच्या रोपांचा एक झुबका, एक चूड, हिरवा होता. सगळ्या पिवळ्यात एकच हिरवा. त्या दिवसापासून म्हातारी खाडीचे शिंपले गोळा करू लागली. भट्टी लावायची, भाजायचे, फोडायचे आणि या एका कुणग्यात मिसळायचे. धुराने तिचे डोळे गेले, हातांची सालपटे निघाली. कोणी म्हणाले, "बाय, आता पुरे," तर म्हणायची, "आंबट केलं कोणी? मीच ना? मग गोड कोण करणार, तुझा बाप?"

हिवाळ्यात झऱ्याच्या पाण्यावर शेवंतीने या कुणग्यात भात लावला. तो हिरवा राहिला. चिमी बांधावर असायची. ती रांगायची, उभे राहायची तिची ताकद नव्हती. भात तिच्या डोक्याइतका झाला की शेवंती तिला म्हणायची, "बघ गो, तुझ्याबरोबर वाढतो." आंधळी आवडाबाय लोंब्या बोटांनी चाचपायची आणि रोज विचारायची, "भरला का गो दाणा?"

फाल्गुनात लोंब्या दुधात आल्या. दाणा दाबला की पांढरा थेंब यायचा, पण अजून तो दाणा नव्हता. शेवंती म्हणाली, "दूधच आहे, आई. देऊ?" आवडाबाय म्हणाली, "पिकू दे. आता काय, चारच दिवस."

ते चार दिवस चिमीने काढले नाहीत.

एवढ्या लहान जिवाला जाळत नाहीत. तिला या कुणग्यातच पुरले. भात पिकला, मूठभर दाणे निघाले. ते शेवंतीने कांडले, शिजवले, वर तूप घातले. लोकांना वाटले ती आता राखणदाराला शिव्या देईल. तिने काही केले नाही. बाळ पुरले होते तिथे बसली, घास केला आणि मातीत बोटाने खोल ढकलला. आवडाबायने विचारले, "खाल्लान् का गो?" शेवंती म्हणाली, "हो, आई. खाल्लान्."

पुढच्या पावसात चुना धुऊन गेला. वितीखाली माती आंबटच होती, ती वर आली. आवडाबायने पुन्हा शिंपले भाजले, मरेपर्यंत भाजले. पुन्हा काही लोंबी आली नाही. राखणदाराने नवस फेडून घेतला, असे म्हणणारे आहेत. मी एरवी म्हशींच्या थापा मारतो, पण यावर मला काही म्हणवत नाही.

आजही बेटावर ज्या घरात उष्टावण असते ते घर आधी इथे येते. तांदूळ पलीकडच्या बाजारचा असतो. पहिला घास मातीत जातो, दुसरा बाळाच्या तोंडात. मग बाळाची आई शिंपल्यांचा चुना टाकते आणि मूठभर भात पेरते. येणार नाही हे तिला माहीत असते, पेरू नको म्हणायला आजवर कोणी धजलेले नाही. तुम्ही उभे आहात तिथे कोंब दिसतात ना, ते गेल्या उष्टावणाचे. जरा बाजूला व्हा. दरवर्षी ते हिरवेगार उगवतात, रांगत्या मुलाच्या उंचीइतके होतात आणि पिवळे पडतात. उभे राहत नाहीत.