दादासाहेबांचा रुमाल

पिंपळझरीत पाहुणा आला, की पाणी देण्याआधी त्याची खुर्ची पुसायची रीत होती. गावाला लागूनच कोळशाचं वीजकेंद्र. त्याची राख वाळत घातलेल्या कुरड्यांवर, पाळण्यातल्या लेकरांवर, सगळ्यांवर सारखीच बसायची. घरटी एक खोकला तर ठरलेलाच.

एकदा गावात सुनावणी लागली. जुनं केंद्र बंद करून त्या जागी अणुवीज आणायची का, हे गावाने सांगायचं होतं. कोळशाच्या ठेक्यांवर गबर झालेले दादासाहेब गावंडे पांढरेशुभ्र कपडे घालून आले. सवयीने रुमाल काढून त्यांनी खुर्ची पुसली, रुमाल खिशात घातला, बसले आणि अणुकेंद्राच्या इंजिनिअरवर कडाडले, "तुमचा कचरा हजारो वर्षं विषारी राहतो! तो ठेवणार कुठे?"

"काँक्रीटच्या जाड भिंतींआड, कुलपात, कायम पहाऱ्यात," इंजिनिअर म्हणाला.

"ऐकलंत? ज्याच्या कचऱ्याला कोठार लागतं, तो कसला स्वच्छ?"

तेव्हा सरपंच शेवंताबाई उठल्या.

"दादासाहेब, तुमच्या कचऱ्याला कोठार नाही लागत?"

"मुळीच नाही!"

"खरं आहे जी. यांचा कचरा जागेवर आहे का, हे पाहायला आम्हाला तिथवर जावं लागंल, कुलूप हलवून बघावं लागंल. तुमचा पाहायला कुठंच जायला नको. जरा खिशातला रुमाल काढता का?"

दादासाहेबांचा हात खिशापाशीच थांबला. सभा हसली, खोकत खोकत हसली.