ख, फु, रू, ल, पा

फार वर्षांमागे एका शाळेजवळच्या तळ्यात एक म्हातारं कासव राहत असे. वर्गातले धडे ऐकून त्याला वाचता येऊ लागलं होतं. पण कासवीण गेल्यापासून ते डोकं कवचात ओढून नुसतं पडून राही.

एका सकाळी साळुंकीनं वर्तमानपत्राचा फाटका तुकडा त्याच्यासमोर आणून ठेवला. "आजोबा, यातली अक्षरं उलटसुलट झालीत. ख, फु, रू, ल, पा. नीट लावली की एक शब्द होतो म्हणे. मला काही सुटत नाही."

"मला नको त्रास देऊस," कासव म्हणालं. थोड्या वेळानं कवचातून आवाज आला, "पाल?"

दगडावरची पाल हरखली. "माझं नाव! सुटलं कोडं!"

"मग ख, फु आणि रू कुठे जातील?" कासवानं मान बाहेर काढली. "नाही, पाल मोडावी लागेल."

पाल फुगून बसली. तेवढ्यात पोपट आला आणि तुकड्याकडे बघून म्हणाला, "सोपं आहे की! उत्तर सांगू?"

"खबरदार!" कासव एवढ्या जोरात ओरडलं की पोपट वरच्या फांदीवर जाऊन बसला.

दुपारभर कासव वाळूत अक्षरं काढत आणि पुसत राहिलं. रुसवा विसरून पालही शेजारी येऊन बघू लागली. ऊन कलताना कासव एकदम थांबलं.

"फुलपाखरू!"

साळुंकीनं आनंदानं पंख फडफडवले. कासवानं तो शब्द पुन्हा एकदा वाचला आणि विचारलं, "उद्याचा पेपर कधी येतो गं?"