हनुवटीवरचं बोट

फार जुनी गोष्ट. नदीपलीकडच्या एका राज्यात ऐकू न येणाऱ्या मुलांची शाळा होती. तिथली रीत अशी, की दर चैत्रात शाळेच्या भिंतीवर मुलागणिक एक ठिपका काढायचा. धडा एकच, तोंडाने 'आई' म्हणायचं. तो आला तर गेरूचा, नाही आला तर कोळशाचा. मग दवंडीवाला गावोगाव जाऊन ते ठिपके सांगायचा. कोळसा जास्त झाला, की शाळा बंद.

डोंगराकडच्या गावात टोपल्या विणणारी एक बाई राहायची. तिची एकुलती लेक चार वर्षं त्या शाळेत होती. लेकीची लहानशी टोपली अजून खुंटीला होती. वाऱ्याने ती हलली, की विणता विणता बाई दाराकडे बघायची.

त्या चैत्रात दवंडीवाला म्हणाला, "मावशी, तुमच्या लेकीला गेरू लागला. 'आई' म्हणते आता."

"तुम्ही ऐकलंत?"

"मी कशाला ऐकू? भिंत पाहिली ना."

बाई हातातलं काम टाकून निघाली. तीन दिवस चालली. तो एकच शब्द ती वाटभर ऐकत होती, कधी घोगरा, कधी बारीक.

लेक धावत येऊन बिलगली. बाई थांबून राहिली. शब्द आला नाही.

गुरुजींनी मान खाली घातली. "बाई, ती बोलत नाही. कोळसा लावला असता, तर ही पोरं कुठं गेली असती?"

"तीन दिवस मी तिचा आवाज ऐकत आले, गुरुजी. आता तो कुठं ठेवू?" मग ती म्हणाली, "तिला येतं काय, ते तरी खरं सांगा."

"रोज जेवताना अर्धी भाकरी बाजूला ठेवते. कुणाला म्हणून खुणेनं विचारलं, की हनुवटीवर बोट टेकवते. ते धड्यात नाही, म्हणून भिंतीवरही नाही."

बाईचा हात आपल्या हनुवटीवर गेला. तिथं हिरवं गोंदण होतं. लेकीने हसून त्यावरच बोट टेकवलं.

दुसऱ्या दिवशी गुरुजींनी आपल्या हाताने गेरू पुसला आणि राजापुढे सगळं कबूल केलं.

"मग शाळा कशाला ठेवू?" राजाने विचारलं.

गुरुजींसोबत आलेली बाई पुढे झाली. "महाराज, चार वर्षं माझी लेक मला हाक मारत होती. तुमच्या भिंतीला दोनच रंग ठाऊक, म्हणून ती माझ्यापर्यंत पोचली नाही."

 राजाने भिंत धुवायला लावली. शाळा राहिली. खोट्याबद्दल गुरुजींना अशी शिक्षा झाली, की दर चैत्रात त्यांनी घरोघरी पायी जायचं, आणि लेकराला काय आलं, काय नाही, ते आईबापांच्या तोंडावर सांगायचं.

लेकीला शाळेत ठेवून बाई एकटीच परतली. तेव्हापासून तीही रोज अर्धी भाकरी बाजूला ठेवते, आणि चैत्राची वाट बघते.

दुसऱ्याचं लेकरू सांभाळणाऱ्याने, त्याच्या वाटेकडे डोळे लावून बसलेल्यांना खरं तेच सांगावं. मग ते अर्ध्या भाकरीएवढं का असेना.