दारातला माणूस

हेमांगी दळवी नव्या इमारतीच्या चौथ्या मजल्यावर नवरा आणि सासूबाईंसोबत राहत होती. बाकीचे ब्लॉक अजून रिकामे होते. तिने नवा फोन नंबर घेतला आणि तो आधी वापरणाऱ्या कुणा रोहिदास गवंडीच्या कर्जासाठी रोज पंधरा-वीस फोन येऊ लागले. सासूबाईंचं हृदय कमजोर. फोनची घंटी वाजली की त्या दचकून उठत.

एका दुपारी वसुलीवाले दराडे फोनवर गुरगुरले, “बाई, रोहिदासला तुम्हीच लपवलंय. आमचा माणूस आत्ता तुमच्या दारात उभा आहे!”

हेमांगीने दाराच्या भिंगातून पाहिलं. बाहेर कुणीच नव्हतं. तिने आवाज अगदी खाली आणला.

“हो, दिसतोय. पण साहेब, तो हलत का नाही? पापणीसुद्धा लवत नाही त्याची.”

“काय?”

“अंगावरून पाणी निथळतंय. आणि तो तुमचं नाव घेतोय.”

दराडे घाईघाईने म्हणाले, “बाई, तिथे आमचं कुणी नाही. मी नुसतं घाबरवत होतो.”

“नक्की?”

“देवाशप्पथ!”

“तुमचा माणूस इथे नाही, हे तुम्हाला तिकडे बसून कळतं,” हेमांगी शांतपणे म्हणाली, “मग रोहिदास इथे नाही, हे मला माझ्या घरात बसून कळणार नाही?”

दराडेंनी फोन चालू असतानाच तिचा नंबर यादीतून काढायला लावला. पुन्हा फोन आला नाही.

हेमांगीने मात्र नवरा घरी येईपर्यंत दाराची कडी काढली नाही.